बुधाचं उपडं बोळकं

बुधा गेल्याची बातमी माझ्या घरी आली ती पळसाच्या पानांच्या भाऱ्याबरोबर. दर वर्षी उन्हाळ्यात मलंगच्या पायथ्याच्या ठाकरवाडीतल्या बायका डोक्यावर भारे घेऊन कल्याणात उतरतात, आणि आमच्या घरच्या पत्रावळींची पानं एका ठरलेल्या म्हातारीकडूनच घेतली जातात. तिने ओटीवर भारा टाकला, पदराने वारा घेत बसली, आणि मी सवयीने विचारलं, "बुधा कसा आहे गं?" ती म्हणाली, "बुधा? त्यो तं गेला. शिमग्याच्या आदी." एवढं बोलून ती भाऱ्याची दोरी सोडायला लागली. मी पुन्हा विचारलं, तिने पुन्हा तेच सांगितलं, जरा मोठ्याने, म्हाताऱ्याला ऐकू येत नसेल म्हणून. म्हणजे त्याला जाऊन दोन महिने झाले होते. ते दोन महिने मी दोन वेळा जेवत होतो, देवळात पुराण ऐकायला जात होतो, पन्हळीच्या पाण्यावरून शेजाऱ्याशी भांडतसुद्धा होतो. त्या दिवशी मला फार थकल्यासारखं झालं. रडू काही आलं नाही. साठी उलटली की रडूदेखील जिना चढून वर यायला कंटाळतं.

या वर्तमानपत्रात ज्यांच्यावर लिहून येतं ते बहुतेक गृहस्थ शालजोडी पांघरणारे असतात. बुधा ठाकर लंगोटी लावून हिंडणारा, कमरेला कोयता अडकवणारा, अक्षरशत्रू माणूस. त्याच्यावर कोणी लिहावं असं त्याने काही केलं नाही, असं वाचकांना वाटेल. संपादकमहाशयांनाही वाटलं होतं. "शिकारी होता का?" त्यांनी विचारलं. शिकारी नव्हता. त्याने आयुष्यात बंदूक हातात धरली नाही. तो हाक देणारा होता. संकटात सापडलेल्या जनावराचा आवाज काढून दुसऱ्या जनावराला जवळ आणायचं, ही त्याच्या घराण्यातली विद्या. त्यातही अस्वलाला आणणं हे त्या सबंध डोंगरपट्टीत त्याच्या एकट्याच्या हातचं काम होतं. हातचं म्हणजे तोंडचं. मी ती विद्या पाहिली, मी ती वापरली, आणि ती मेली त्याला कारण मी आहे. हे छापून येईपर्यंत माझ्या घरच्यांनाही ठाऊक नसेल.

त्याची-माझी ओळख झाली ती कल्याणच्या कचेरीत. मी तेव्हा नवाच कारकून होतो, पगडीचा भार डोक्याला सवयीचा व्हायचा होता. डोंगरउतारावर राब, म्हणजे पेरणीआधी पालापाचोळा, जाळायला मनाई झाली म्हणून हा अर्ज द्यायला आला होता आणि कचेरीच्या पायऱ्यांशी तीन दिवस उकिडवा बसून होता. कोणी विचारी ना, हा उठे ना. तिसऱ्या दिवशी मी त्याचा अर्ज लिहून दिला. काम झाल्यावर तो मला म्हणाला, "तू बरा हायस दादा." शिपाई त्याच्यावर डोळे वटारून धावला, कारण कारकुनाला अरे-तुरे करणं म्हणजे काय! पण ठाकर लोक सगळ्यांनाच तू म्हणतात, मामलेदारालाही आणि देवालाही. मला ते आवडलं. घरात मी 'अहो' होतो आणि कचेरीत 'रावसाहेब'. तू म्हणणारी माणसं माझ्या आयुष्यात फार थोडी उरली होती.

त्याच दिवशी त्याने एक गंमत केली. हवालदाराची शेळी कचेरीमागे खुंट्याला बांधलेली असे; तिचं करडू नुकतंच कोणाला तरी देऊन टाकलेलं होतं. बुधाने तोंडावर हाताचा पंजा धरला आणि करडू अडकून पडल्यावर ओरडतं तसा आवाज काढला, दोनदाच. शेळीने खुंटा उपटला आणि तो दोरीला फरफटत घेऊन ती थेट कचेरीत शिरली. दौती सांडल्या, दप्तरं पडली, मामलेदार खुर्चीवर पाय वर घेऊन बसले. आम्ही आठवडाभर हसत होतो. शेळी मात्र सगळ्या मेजांखाली वाकून वाकून पाहत होती, आणि तिला बाहेर काढायला तिघं लागली. तेव्हा मला त्यात हसण्यापलीकडे काही दिसलं नाही. बुधा हसत नव्हता, एवढं आठवतं. तो तिला म्हणाला, "नाय गं बाय, चुकलं माझं."

पुढे जंगलाच्या मोजणीसाठी माझं त्या बाजूला जाणं वाढलं आणि मी त्याच्या वाडीवर बसू लागलो. खरं सांगायचं तर बसायचो, पण त्याच्या घरचं पाणी कधी प्यालो नाही. माझ्या तांब्यातलं प्यायचो. काळच तसा होता असं म्हणून हे झाकता येईल, पण जनी, त्याची बायको, दर वेळी विचारायची आणि दर वेळी मी तांब्या दाखवायचो. तिने विचारणं सोडलं नाही आणि मी तांब्या नेणं. मूलबाळ त्यांना नव्हतं. घरात एक शेळी, दोन कोंबड्या, आणि भिंतीच्या कुडाला टांगलेलं मातीचं एक बोळकं, पाणी प्यायच्या तांब्याएवढं, बुडाला बोटभर भोक पाडलेलं. अस्वलाची हाक त्यातूनच द्यायची. भोकाशी तोंड लावायचं आणि बोळक्याच्या तोंडावर हात उघडझाप करायचा. मी एकदा सहज हात लावला तर जनी म्हणाली, "त्येला नको शिवू. त्येच्यात पोर हाय." मला वाटलं, काहीतरी अडाणीपणाची समजूत.

ती समजूत नव्हती, हे मला त्याच्या पहिल्या हाकेला कळलं. बोरीच्या झाडाखाली बोरं वेचणाऱ्या एका माणसाचं तोंड अस्वलाने फाडलं होतं, तो वाचला पण पाहवत नव्हता. तेव्हा वाडीने बुधाला सांगितलं. हाक देण्याचे नियम होते आणि तो ते सोडून तोवर कधी वागला नव्हता. माणूस फाडणाऱ्या अस्वलालाच बोलवायचं, दुसऱ्याला नाही. शिमगा झाला की दिवाळीपर्यंत बोळक्याला हात लावायचा नाही, कारण तेवढे महिने अस्वलीण पिल्लं पाठीवर घेऊन हिंडते. हाक देण्याआधी वारुळांशी जाऊन पाहायचं. पिल्लं पाठीवरून उतरतात ती तिथेच, आई वाळवी उकरते तेव्हा, आणि त्यांची पावलं उमटतात तीही तिथेच. आणि हाक दिलेल्या तोंडाने त्या दिवशी घरातल्या पोराचं नाव घ्यायचं नाही. बुधाला पोर नव्हतं. तरी तो त्या दिवशी एक शब्द बोलायचा नाही.

त्या दिवशी, उन्हं कलताना, मी वरच्या खडकावर बसलो होतो. खाली गावातून आणलेले दोघे-तिघे बंदुकवाले. बुधाने बोळक्याला तोंड लावलं. मी ऐकलं ते लिहून दाखवता येणार नाही... तान्हं मूल पाळण्यात एकटं जागं झालं की आधी कुरकुरतं, मग हाक मारल्यासारखं रडतं, आणि कोणी आलं नाही की श्वास अडकून रडतं. ते तीनही आवाज एकामागून एक त्या बोळक्यातून आले. माझी दोन मुलं जन्मताना गेली होती. दुसरं अर्धा दिवस होतं. मी कानांवर हात ठेवले. थोड्या वेळाने पलीकडच्या करवंदीच्या जाळीतून एक थोराड नर आला, डोकं हलवत, काय आहे ते बघायला. बार झाला. बुधाने बोळकं घोंगडीत गुंडाळलं आणि कोणाकडे न बघता निघून गेला.

आता माझं सांगतो. पुढच्या वर्षी चैत्रात माझ्या कुटुंबाला तिसऱ्यांदा दिवस गेले होते, पाचवा महिना होता. कल्याणच्या सुईणीने हात टेकले होते. "हिला ठाण्याला न्या, तिथे मोठे डॉक्टर आहेत," असं वैद्यांनी सांगितलं. ठाण्याला बिऱ्हाड करायचं तर बदली हवी, आणि बदली एका तरुण साहेबाच्या शब्दावर अडलेली. साहेब काही वाईट नव्हता. त्याचं मायदेशी जाणं ठरलं होतं आणि जाण्याआधी त्याला अस्वलाचं कातडं हवं होतं, एवढंच. वाघाचं त्याच्याकडे होतं. त्याला कोणीतरी सांगितलं की या कारकुनाच्या ओळखीचा एक मनुष्य अस्वल बोलावतो. त्याने मला बोलावून घेतलं आणि मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला, "अस्वल दाखवा. मग बदलीचं बघू." हसत म्हणाला. मी पण हसलो.

बुधाने नाही म्हटलं. "मोह फुललाय दादा. आता पोरं पाठीवर असत्यात." मी म्हटलं, वाडीच्या वरच्या खिंडीत एकटा नर आहे, माणसांवर धावतो, मला पाटलाने सांगितलंय. पाटलाने मला काही सांगितलं नव्हतं. बुधाने खिंडीकडे पाहिलं. मग म्हणाला, "परवा सकाळी वारुळं बघतो. नर असंल तं देतो हाक." आणि जनीला आणायला तो तिच्या माहेरी गेला, उद्या रात्री येतो म्हणून.

दुसऱ्या दिवशी मचाणाची जागा पाहण्याच्या निमित्ताने मी एकटाच खिंडीत गेलो. माझ्या खोट्याचं खरं व्हावं, असा नवस करत गेलो. वारुळाशी माती ताजी उकरलेली होती. मोठी पावलं होती, लांब नखांची. आणि त्यांच्या भोवती लहान पावलं होती, माझ्या तळहाताच्या मध्यात मावतील एवढी, नाचल्यासारखी सगळीकडे. दोन पिल्लं असावीत. मी तिथे किती वेळ उभा राहिलो कोण जाणे. मग मी जोड्याने ती पावलं पुसली. नीट पुसली, मोठी तेवढी ठेवली. कचेरीत खाडाखोड करायची आम्हाला सवय असते. कागद फाटू न देता अक्षर कसं घालवायचं ते मला येत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बुधाने वारूळ पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. "एकलंच हाय," म्हणाला. मला वाटलं, सुटलो.

दुपार टळल्यावर साहेब मचाणावर, मी त्याच्या मागे, बुधा खाली झुडपात. त्याने हाक दिली. पहिल्या वेळी कान झाकले होते तसे आता झाकता येईनात, कारण साहेबाला काय चाललंय ते सांगायचं होतं. तिसऱ्या हाकेला ती आली. नर आला होता तो चालत आला होता. ही धावत आली, काट्यांतून, सरळ, तोंड उघडं टाकून. पाठीवर काळ्या केसांत काळीच दोन पिल्लं, दिसलीसुद्धा नाहीत साहेबाला. बार झाला. ती पडली, आणि एक पिल्लू त्याच गोळीने गेलं. दुसरं तिच्या पाठीचे केस धरून बसलं आणि रडायला लागलं. आधी कुरकुर. मग हाक. मग श्वास अडकून. बुधाच्या आवाजात आणि त्याच्या आवाजात काडीचा फरक नव्हता.

साहेब खाली उतरला. मग पिल्लू बरोबर नेऊ म्हणाला, बंगल्यावर पाळायला. बुधाने घोंगडी टाकून पिल्लू उचललं होतं. तो साहेबाला म्हणाला, "हे माझं हाय." साहेबाने माझ्याकडे पाहिलं. मी इंग्रजीत सांगितलं की हे लोक पिल्लाला देवाचं मानतात, घेऊ नये. त्या दोन दिवसांत मी बोललेल्या खोट्यांपैकी एवढंच एक मला अजून पोटात टोचत नाही. बुधा पिल्लू घेऊन निघाला. मी मागून गेलो, "बुधा, अरे, मला काय ठाऊक..." असं काहीतरी म्हणालो. त्याने मान हलवली. त्या दिवशी बोलायचं नाही हा नियम त्याने पिल्लासाठी, तेवढ्या तीन शब्दांपुरताच मोडला होता.

वैशाखात माझी बदली झाली. श्रावणात ठाण्याला माझी यमुना झाली. दोन दिवस आणि एक रात्र घेतली तिने, पण झाली, आणि जगली. बारशाला मी बुधाला निरोप पाठवला. तो आला नाही, मधाचं पोळं पाठवलं.

ठाण्याच्या त्या वर्षांत मी त्याला थोडकाच भेटलो. कोलशेतच्या बाजूला, खाडीकाठी, मिठागरांच्या कामाला मला जावं लागे, आणि वर्षातून एकदा कल्याणला नातलगांकडे येणं झालं की वाडीवर चक्कर. पहिल्याच खेपेला पाहिलं तर अस्वलाचं पिल्लू अंगणात, जनीच्या पायात घोटाळतंय आणि ती त्याला शिव्या देत शेळीचं दूध पाजतेय. बुधा काही बोलला की ते जिथे असेल तिथून धावत यायचं. तो वाडीच्या दुसऱ्या टोकाला कोणाशी हसला तरी यायचं. "माझी हाक त्येला आयची वाटती," तो म्हणाला. मी तांब्यातलं पाणी प्यालो आणि विषय बदलला.

ते वाढलं तेव्हा त्याने ते डोंगरात सोडलं. पण ते परत यायचं. त्याने शेळीला हाक मारली की वरून झाडी हलायची आणि हा काळा गडी उतरायचा, थेट वाडीत, कुत्र्यांमधून, आणि आता वाडीत बंदुका आल्या होत्या. तेव्हा बुधाने एक काम केलं. त्याने आवाज सोडला. मोठ्याने बोलायचं नाही, हाक मारायची नाही, गाणं नाही, खोकला आला तर घोंगडी तोंडावर. शेळीला बोलवायचं तर दोन दगड एकमेकांवर आपटायचे. ज्याच्या आवाजावर जंगल धावून येत असे तो माणूस समोर बसलेल्याच्या कानाशी कुजबुजल्यासारखा बोलू लागला. लोक म्हणाले, अस्वलिणीचा शाप लागला, घसा बसला. मलाही काही वर्षं तेच वाटत होतं. जनीने सांगितलं तेव्हा कळलं. पुढे ते अस्वल यायचं थांबलं. मेलं असेल, लांब गेलं असेल. मी म्हटलं, "बुधा, आता तरी बोल की रे मोठ्याने, किती वर्षं झाली." तो म्हणाला, "आसंल आजून. कुनाला ठावं?" आणि तो तसाच बोलत राहिला, मरेपर्यंत.

प्रत्येक भेटीत त्याचा पहिला प्रश्न एकच असे. मी टेकायच्या आत विचारायचा, "पोर बरी हाय ना?" यमू लहान होती तेव्हाही, तिचं लग्न झालं तेव्हाही, तिला मुलगी झाली त्यानंतरही. पोर बरी हाय ना. मी म्हणायचो, बरी आहे. मग तो मान हलवायचा आणि दुसरं बोलायचा. मला तो शिष्टाचार वाटे.

पेन्शन घेऊन मी कल्याणला परत आलो तेव्हा मनाशी ठरवलं होतं की आता एकदा त्याला सांगून टाकायचं. ती पावलं मी पुसली, हे एवढं एक वाक्य. अर्ज, जाबजबाब, बयानं, सगळ्या जन्मात लोकांची वाक्यं लिहिली. हे एक माझं होईना. तीनदा गेलो. शेवटची खेप गेल्या मार्गशीर्षातली. तो मोहाखाली बसला होता, अगदी वाळलेला, डोळे मात्र तसेच. मी त्याच्या जवळ बसलो. म्हटलं, "बुधा, तुला एक सांगायचंय." तो वाट पाहत राहिला. मी म्हटलं, "यंदा थंडी फार आहे." तो म्हणाला, "हाय खरी." मग आम्ही दोघेही उन्हात बसून राहिलो. निघताना त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला होता, ते आत्ता लिहिताना आठवलं.

पानवाली म्हातारी बातमी सांगून गेली त्याच्या चौथ्या दिवशी मी बैलगाडी करून वाडीवर गेलो. विठ्ठलवाडीच्या पुढे रस्ता असा नाहीच, या वयात हाडं खिळखिळी होतात. जनी अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. तिने मला बसायला घोंगडी टाकली आणि पाणी विचारलं. मी म्हटलं, दे. ती थबकली. मग आत जाऊन घेऊन आली, आणि मी प्यालो. फार उशिराचं होतं ते पाणी.

मग मी तिला सांगितलं. त्याला सांगायचं होतं ते तिला सांगितलं, कारण आता दुसरं कोणी उरलं नव्हतं. पाटलाचं खोटं सांगितलं, वारुळाचं सांगितलं, जोड्याने पुसलेलं सांगितलं. ती फुलं पसरत ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "ते तं त्येला ठावं व्हतं."

मी म्हटलं, "काय ठाऊक होतं?"

"समदं. आमी एक दिस आदी आलतो माझ्या मायेरनं. त्यो वारुळाजवळच्या बेहड्याच्या झाडावर चढला व्हता, मोहोळ बघाया. वरच व्हता त्यो. तू आलास, बघितलंस, पायानं पुसलंस, त्येनं वरनं बघितलं."

"मग तो खाली का उतरला नाही? मला अडवायचं होतं, थोबाडीत द्यायची होती!"

"उतरनारच व्हता. लय राग आलता त्येला. पन मंग तू दगडावर बसलास, पगडी काडलीस, नं रडलास. लय रडलास बोल्ला. बाईवानी."

मी रडलो होतो हे मला आठवत नाही. अजूनही आठवत नाही. पावलं आठवतात, जोड्याला लागलेली माती आठवते, दगड आठवतो. ते रडणं त्याने पाहिलं म्हणूनच ते झालं असं म्हणायचं.

"घरी आला," जनी म्हणाली, "नं मला बोल्ला, दादाला पोर पायजे. मी बोल्ली, तिची पोरं नायत का मंग? त्यो बोल्ला, हायत. मला दिसली बी. पन दादा माझा हाय." तिने फुलांतली एक काटकी वेचून टाकली. "मी भांडली त्येच्याशी. मला आवडलं नाय ते. आजून बी नाय आवडत." एवढं म्हणून ती पुन्हा फुलं पसरू लागली.

सव्वीस वर्षं मी समजत होतो की मी त्याला फसवलं. त्या समजुतीची मला सवय झाली होती. म्हाताऱ्या माणसाला दुखऱ्या गुडघ्याची होते तशी. तो फसलाच नव्हता. त्याने डोळे उघडे ठेवून बोळक्याला तोंड लावलं, आणि मग जन्मभर आपला आवाज दाबून त्याची भरपाई केली, माझ्या वाटणीची सुद्धा. फसवलेला माणूस निदान निर्दोष तरी राहतो. मी त्याला तेवढंही राहू दिलं नाही. आणि तो दर खेपेला विचारत होता, पोर बरी हाय ना... आता कळतं तो काय विचारत होता. ज्याच्यासाठी ते केलं ते नीट चाललंय ना, एवढीच त्याला खात्री हवी होती.

निघताना जनीने आतून बोळकं आणलं. त्या दिवसापासून त्याने ते कुडाला टांगलं नव्हतं, कोपऱ्यात उपडं ठेवलं होतं. सारवताना ती उचलायची आणि पुन्हा उपडंच ठेवायची. "त्येच्यासंगं द्यायचं व्हतं, मी इसरली," ती म्हणाली. "तू ने. माझ्या घरात नको." मी ते उपरण्यात बांधून आणलं. माझ्या खोलीतल्या कोनाड्यात, पंचांगाच्या शेजारी ठेवलं. घरात विचारलं तर सांगितलं, डोंगरातलं आहे, असू दे.

परवाची गोष्ट. यमू माहेरपणाला आलेली आहे, तिची चार वर्षांची चिमी बरोबर. सकाळी मी पोथी वाचत बसलो होतो. चिमीने पाटावर चढून कोनाड्यातलं बोळकं काढलं, उलटसुलट करून पाहिलं, आणि पोरं करतात तेच केलं. भोकाशी तोंड लावून ओरडली, "आई!"

तिचा आवाज मोठा झाला, खोलीभर घुमला, आणि कसा कोण जाणे, रडका झाला. तिला गंमत वाटली. ती पुन्हा ओरडली.

मी पोथी ठेवून उठेपर्यंत स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज आला आणि यमू धावत आली, पदर सुटलेला, दोन्ही हात कणकेचे, उंबऱ्याला ठेच लागली तरी न थांबता. "काय गं? काय झालं? कुठे लागलं?" चिमी हसत होती. यमू तिच्याकडे, मग माझ्याकडे पाहत होती, आणि तिचा श्वास खाली बसत नव्हता.

"काही नाही गं," मी म्हटलं. "बरी आहे पोर."

मी चिमीच्या हातातून बोळकं घेतलं आणि कोनाड्यात उपडं ठेवलं.